वस्तीवरच्या कुत्र्याची परीक्षा

राखणीच्या कुत्र्याची परीक्षा तीन भागांत घ्यावी, असे माझे थोरले भाऊ सांगत. पहिला भाग स्वभावाचा, दुसरा आज्ञापालनाचा आणि तिसरा धैर्याचा. हा क्रम कधीही बदलू नये, असा त्यांचा आग्रह असे. भित्र्या कुत्र्यासमोर एकदम काठी उगारली तर तेही चावते, आणि पाहणाऱ्याला तो शूरपणा वाटतो. म्हणून आधी स्वभाव पाहायचा. तो ठीक असेल तरच पुढे जायचे.

भाऊ पोलिसांच्या श्वानपथकात होते. निवृत्तीनंतर ते गावी राहायला आले आणि नांदूरघाटच्या आसपासच्या शेतवस्त्यांवरची कुत्री त्यांच्याकडे शिकायला येऊ लागली. मी तेव्हा माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होतो. रविवारी भाऊंना एक खोटा चोर लागे, आणि तो मी होत असे. अंगावर जुने घोंगडे, डोक्याला मुंडासे, डाव्या हातावर गोणपाटाची जाड बाही आणि उजव्या हातात काठी, असा माझा वेष असे. सोमवारी वर्गात प्रकाशाचे परावर्तन शिकवताना मागच्या बाकावरून कोणी तरी हळूच भुंके. मी ऐकले नाही असे दाखवीत असे.

भाऊ गेल्यावर ती बाही, लांब दोर आणि शिट्टी माझ्याकडे आली. माझीही नोकरी संपली होती. लोक येत राहिले आणि मी कुत्री तपासत राहिलो. हे काम शाळेतल्या कामापेक्षा फार वेगळे आहे असे मला कधी वाटले नाही. पेपर तपासताना ज्याप्रमाणे उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकलेले असते, त्याप्रमाणे कुत्र्याची परीक्षा घेणाऱ्याला त्या निकालावर काय अवलंबून आहे हे ठाऊक नसलेले बरे. या वर्षी मात्र मला ते आधीच ठाऊक झाले.

सोयाबीन काढणीला आले होते. एके दिवशी सकाळी एक जण घरी आला आणि ओट्याच्या कडेला बसला. वर या म्हटले तरी वर आला नाही. सातवीपर्यंत तो माझ्याच वर्गात होता. पुढे आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊ लागला आणि शाळा सुटली. आता तो आणि त्याची बायको दरवर्षी दसऱ्यानंतर टोळीबरोबर कारखान्याकडे जातात ते उन्हाळ्यातच परततात. माळावरच्या वस्तीवर तेवढे महिने त्याची म्हातारी आई आणि मुलगी राहतात.

"गुरुजी, एक कुत्रं बघायचं हाय."

"चावरं आहे का?"

"न्हाई, चावत न्हाई. भुंकतंय लई. पन जवा भुंकायचं तवाच भुंकलं न्हाई."

मग त्याने थांबत थांबत सांगितले. मागच्या हंगामात एका दुपारी म्हातारी शेळ्या घेऊन डोंगराकडे गेली होती. मुलगी वस्तीवर एकटीच होती. एक माणूस मोटारसायकलीवर आला. त्याने पाणी मागितले, मग बाजेवर बसला, मग मोबाइलचा नंबर मागितला. काही दिवसांनी तो पुन्हा आला. या वेळी मुलीने आतून कडी लावली, आणि तो दाराबाहेर उभा राहून बराच वेळ बोलत राहिला. कुत्रा दारातच बांधलेला होता. त्याने तोंड उघडले नाही.

तो माणूस कोण, असे मी विचारले. त्याने ओट्याच्या फरशीकडे पाहिले.

"गाडीवाला व्हता," एवढेच तो म्हणाला.

मुलगी आता दहावीला होती. ती माझ्या जुन्या शाळेतच शिकत होती आणि अभ्यासात बरी होती, हे मला तिथल्या शिक्षकांकडून कळले होते.

"कुत्रं पास झालं तर ठेवतो तिला आजीपाशी," तो म्हणाला. "न्हाई झालं तर न्यावी लागंल. अन् तिकडं एवढी मोठी पोरगी नेली की समदे इचारत्यात, अजून कावून ठेवली म्हनून. मग लगीनच. गुरुजी, तुमी सांगाल तसं करतो."

कुत्र्याला नापास करता येते. ते वाईट वाटून घेत नाही. पण आता ते सोपे राहिले नव्हते. तरीही मी येतो म्हणालो.

त्यांची वस्ती गावापासून दूर, मुरमाड माळावर आहे. पत्र्याच्या दोन खोल्या, समोर सारवलेले अंगण, एका बाजूला शेळ्यांचा गोठा आणि मागे तुरीचे रान. कच्चा रस्ता बांधापर्यंत येतो आणि तिथे संपतो. कुत्रा बदामी रंगाचा, लांब तोंडाचा, पोटाला बारीक होता. गावठी रक्तात कुठे तरी शिकारी जात मिसळलेली असावी. तो ऊसतोडीच्या तळावरच, बैलगाडीखाली जन्मलेला होता. त्याला पिलू असताना मुलगीच सांभाळत असे. तेव्हा ती लहान होती आणि आईबापांबरोबर जात असे. पुढे आजीजवळ राहायला लागली तेव्हा कुत्राही तिच्याबरोबर राहिला.

स्वभावाची परीक्षा मी अंगणात घेतली. तो पाठमोरा असताना मी स्टीलचे ताट दगडावर टाकले. तो दचकला. दचकणे हा दोष नाही. दचकल्यावर कुत्रे किती लवकर सावरते, आणि ज्या वस्तूने दचकवले तिचा वास घ्यायला पुढे येते की पळून जाते, हे पाहायचे असते. तो वळला, ताटापाशी आला, ते हुंगून मुलीकडे परत गेला. मग मी त्याच्या तोंडासमोर छत्री एकदम उघडली. तो एक पाऊल मागे सरला आणि लगेच छत्रीखाली डोकावला. मी त्याचे कान, पंजे, दात पाहिले. अनोळखी माणसाचा हात त्याला आवडला नाही. पण मुलीने शांत राहा म्हटले म्हणून त्याने तो सहन केला.

आज्ञापालनात तर शिकवण्यासारखे फारसे उरलेच नव्हते. बस, थांब, ये, सोड हे सगळे मुलीने त्याला कोणाचे न पाहता शिकवले होते. तिने भाकरीचा तुकडा त्याच्या पुढ्यात ठेवला, "थांब" म्हटले आणि गोठ्यामागे निघून गेली. तो तुकड्याकडे पाहत लाळ गाळत बसला, पण हलला नाही.

आजी उंबऱ्यावर बसून पाहत होती. "मास्तर," ती म्हणाली, "ह्यो माझ्या पोरापरीस शाना हाय. ह्याला थांब म्हनलं तर थांबतंय तरी. आमचं येडं उठलं की सुटलं कारखान्याला."

"आये, गप की," तिचा मुलगा म्हणाला.

"बघा, मलाच गप म्हनतंय."

धैर्याच्या परीक्षेसाठी मी बांधाआड जाऊन घोंगडे पांघरले, बाही चढवली आणि तुरीतून वाकून पुढे आलो. मुलीच्या हातात लांब दोर होता. इथे नवशिक्यांचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. वस्तीवरच्या कुत्र्याने चावावे अशी अपेक्षा नसते. त्याने आपल्या माणसाच्या आणि परक्याच्या मध्ये उभे राहावे, सलग भुंकावे आणि जागा सोडू नये, एवढे पुरे. चावणारे कुत्रे उद्या पोस्टमनलाही चावते.

तो मध्ये उभा राहिला. मी काठी आपटली तरी मागे सरला नाही. मी ओरडलो, दगड उचलल्यासारखे केले, आणखी जवळ गेलो. त्याच्या मानेवरचे केस उभे होते, शेपूट ताठ होती आणि आवाज एकाच पट्टीत होता. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. घाबरलेल्या कुत्र्याचा आवाज वर चढत जातो. मी बाही पुढे केली तेव्हा त्याने ती घट्ट धरली, आणि मुलीने "सोड" म्हणताच सोडली. मी पळालो.

"मास्तर, नीट पळा की," आजी मागून म्हणाली. "चोर असा पळतोय व्हय? तुमाला तर मीबी धरीन."

मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. तिचा बापही हसला. घोंगडे काढून मी बाजेवर बसलो आणि पाणी प्यायलो. निकाल कसा सांगायचा याची वाक्ये मनात जुळत होती. तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज आला.

गाडी बांधापाशी थांबली. पांढऱ्या कपड्यांतला, काळा चष्मा लावलेला, किल्ली बोटाभोवती फिरवणारा माणूस अंगणात आला. तो टोळीचा मुकादम होता. तोही जवळच्याच गावचा. मला ओळखत होता.

"नमस्कार, सर. तुमी इकडं कुटं?"

"कुत्र्याची परीक्षा घ्यायला आलो होतो."

"घ्या, घ्या. आमच्या टोळीचीबी घ्या एकदा. निम्मे नापास व्हतील." तो मोकळेपणाने हसला. मग त्याने बापाकडे पाहिले. "ऐक. तुज्या धाकल्या भावाच्या बायकूला दिवस गेल्यात. ती यायची न्हाई. त्यो एकटा अर्धा कोयता घेऊन मी काय करू? फडात जोडी लागती, तुला सांगाया पायजे का?"

ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. एकटा माणूस अर्धा कोयता धरला जातो, आणि अर्ध्याला कोणी सहजासहजी नेत नाही. टोळीत कोणाला घ्यायचे आणि कोणाला नाही हे मुकादमाच्या हातात असते. तो बोलता बोलता मुलीकडे पाहत होता. त्या पाहण्यात वाईट काही नव्हते, हेही मला लिहिले पाहिजे. बाजारात बैल पाहतात तसा तो तिचे खांदे पाहत होता.

"हितं माळावर म्हातारीच्या जिवावर पोरगी ठेवतुस," तो म्हणाला, "तुलाच झोप लागत नसंल. चुलत्यासंगं जोडी लाव. घरातली घरात. बघ इचार करून."

मी कुत्र्याकडे पाहिले. तो जमिनीला चिकटला होता. हनुवटी मातीत, कान मागे, शेपूट पोटाखाली. त्याच्याखालची माती ओली झाली होती. दोर सैल पडला होता आणि मुलगी त्या दोराकडे पाहत होती. थोड्या वेळापूर्वी काठीसमोर उभा असलेला तोच हा कुत्रा, हे कोणाला सांगून पटले नसते. त्याच्या बाजूला त्याचा मालक उभा होता. गाडीचा आवाज येताच तो बाजेवरून उठला होता आणि खांद्यावरचा टॉवेल काढून त्याने हातात घेतला होता.

मुकादम गेला. गाडीचा आवाज पार विरल्यावर कुत्रा उठला आणि त्याने अंग झाडले.

"हे असं कधीपासून?" मी विचारले.

बाप उकिडवा बसला. त्याने तळहात जमिनीवर दाबून दाखवला. "तळावर पिलू असलं की असं करावं लागतंय, गुरुजी. पहाटं मुकादम उठवाया येतोय, कोपीकोपीपुढनं, झोपड्यांच्या दारातनं गाडी नेतोय. कुत्री मागं लागली की त्यो म्हनतोय, कुत्रं सोडा न्हाईतर टोळी सोडा. म्हनून गाडी आली की पिलाचं तोंड मातीत दाबायचं. वरनं उसाचं टिपरू हानायचं. दोन-चारदा दाबलं की त्याला उमजतंय. समद्या टोळ्यांत असंच करत्यात."

"ह्याला कोणी दाबलं?"

"मीच की."

मी त्यांना समजावून सांगितले, जसे वर्गात सांगितले असते. कुत्र्याला मुकादम ठाऊक नसतो. त्याला मोटारसायकलचा आवाज, पांढरे कपडे आणि न विचारता अंगणात शिरणारी चाल एवढेच ठाऊक असते. घोंगडे पांघरून तुरीतून येणारा चोर त्याने कधी पाहिलेला नव्हता, म्हणून त्याच्यासमोर तो आपल्या उपजत स्वभावाने वागला. गाडीवरचा माणूस मात्र त्याला शिकवलेला होता. मागच्या वर्षी दुपारी जो आला, तो गाडीवर आला होता.

"म्हंजे सर," मुलगी म्हणाली, "त्याला वाटलं मुकादम हाय."

"हो."

ती थोडा वेळ दोराची गाठ चाचपत राहिली. "मलाबी पयल्यांदा तसंच वाटलं व्हतं," ती म्हणाली. "म्हनून पानी दिलं."

आजी उठून आत गेली.

"मग नापास?" बापाने विचारले.

"आज नापास," मी म्हणालो. "दसऱ्याला अवकाश आहे. फेरपरीक्षा घेऊ."

भीती काढून टाकण्याचा कोणताही जवळचा रस्ता नाही. ती जितक्या पायऱ्यांनी आत उतरलेली असते तितक्याच पायऱ्यांनी बाहेर काढावी लागते. मी लग्नकार्यासाठी ठेवलेला पांढरा सदरा आणि विजार काढली, काळा चष्मा विकत घेतला आणि शेजाऱ्याची मोटारसायकल मागून आणली. घोंगड्यातला चोर होण्याची मला सवय होती. मुकादम होण्याची नव्हती. घरी आरशासमोर किल्ली बोटाभोवती फिरवण्याचा सराव करताना मला पत्नीने पाहिले आणि ती स्वयंपाकघरात गेली.

पहिल्या दिवसांत मी गाडी लांब, रस्त्याच्या वळणावर, नुसती बंद करून उभी करीत असे. कुत्र्याने मान वर ठेवली की मुलगी त्याला भाकरी देई. मग इंजिन चालू ठेवून. मग थोडे जवळ. मग गाडीवरून उतरून दोन पावले पुढे. तो जमिनीला चिकटला की आम्ही मागच्या पायरीवर जात असू. न रागावता, न ओरडता. चुकीच्या उत्तरावर लाल रेघ ओढून मूल शिकत नाही, हे मला शाळेने शिकवले होते.

एक गोष्ट या दिवसांत स्पष्ट झाली. दोर बापाच्या हातात असला की कुत्रा हमखास आडवा होई. कारण शोधायला वेळ लागला नाही. दोर ही नुसती बांधण्याची वस्तू नाही; माणसाच्या मनात काय चालले आहे ते दोरातून कुत्र्याच्या मानेपर्यंत जाते. माझ्या गाडीचा आवाज येताच बापाची मूठ आवळे आणि श्वास थांबे. मी खोटा मुकादम आहे, त्याचा जुना शिक्षक आहे, हे ठाऊक असूनही. त्याने प्रयत्न केला नाही असे नाही. "गुरुजी, हात ऐकत न्हाई," असे तो म्हणे आणि हसण्याचा प्रयत्न करी.

"दी तिकडं पोरीकडं," आजी म्हणे. "तुजा हात कोयत्यालाच बरा."

मुलीच्या हातात दोर सैल असे. ती माझ्याकडे पाहत नसे, कुत्र्याकडे पाहत असे. एके दिवशी मी अंगणाच्या कडेपर्यंत आलो, किल्ली फिरवली आणि जमेल तितक्या मोठ्या आवाजात म्हणालो, "ए, कोण आहे का घरात?" कुत्र्याचे पाय थरथरत होते. हनुवटी खाली गेली, पुन्हा वर आली. मग तो भुंकला. आवाज घसा बसल्यासारखा होता आणि वर चढत गेला, पण भुंकला. मुलीने त्याला हाक मारून जवळ घेतले आणि तिने आपला चेहरा त्याच्या मानेत लपवला. मी गाडीकडे परत गेलो. मुकादमाने तिथे थांबून चष्मा पुसणे बरोबर दिसले नसते.

दसऱ्याच्या आधी फेरपरीक्षा घेतली. दोर मुलीकडे, मग आजीकडे. तो दोघींच्याही पुढे उभा राहिला, एकाच पट्टीत भुंकला आणि मी गाडी वळवेपर्यंत त्याने जागा सोडली नाही. मी बापाला निकाल सांगितला. त्याने मान हलवली.

"बरं," तो म्हणाला. "मग ऱ्हाऊ द्या तिला." मुलगी खुंटीवरच्या दप्तराकडे पाहत उभी होती. मला ते दृश्य अजूनही फार स्पष्ट दिसते, कारण त्या सगळ्या दिवसांत तीच एक चांगली गोष्ट घडली.

टोळी निघण्याच्या दिवशी सकाळी मी वस्तीवर गेलो. त्या दिवशी मी माझे रोजचे कपडे घातले होते आणि नांदूरघाटहून जीपने येऊन पुढे चालत गेलो होतो. अंगणात सामान बांधून ठेवले होते: भांड्यांचे पोते, तंबूचे कापड, कोयते, पाण्याच्या घागरी. धाकटा भाऊ एका बाजूला आपल्या गाठोड्यावर बसला होता. त्याला टोळीत घेतील की नाही हे अजून ठरलेले नव्हते. ट्रॅक्टर मागून येत होता. पुढे मोटारसायकल आली.

कुत्रा मुलीजवळ होता. गाडी बांधापाशी थांबली आणि मुकादम उतरला तेव्हा तो पुढे झाला. अंगणाच्या आणि त्या माणसाच्या मध्ये, दोर ताणून, चारही पाय रोवून तो उभा राहिला आणि भुंकू लागला. आवाज वर चढत नव्हता. जे मी शिकवले होते ते सगळे त्यात होते, आणि जे शिकवता येत नाही तेही होते. माणूस या वेळी खरा होता, हे त्याला कळले असावे, असे मला वाटते.

मुकादम थांबला. आधी हसला. "सर, चांगलं तयार केलंय." मग एक पाऊल पुढे आला. कुत्र्याने जागा सोडली नाही. ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता आणि ट्रॉलीत बसलेली टोळीतली माणसे वाकून पाहत होती. त्यांच्यासमोर मुकादमाला आपल्या मजुराच्या अंगणात शिरता येत नव्हते.

"आवर रं त्याला," तो बापाला म्हणाला. आवाज मोठा नव्हता.

बाप पुढे आला. मला वाटले तो दोर धरेल. त्याने दोर धरला नाही. तो गुडघ्यावर बसला, त्याने कुत्र्याच्या मानेवर एक हात ठेवला, दुसऱ्या हाताने तोंड धरले आणि ते मातीत दाबले. कुत्र्याने अंग चोरले नाही, गुरगुर केली नाही, दात लावला नाही. तो हळूहळू खाली बसला आणि आडवा झाला. ज्या हाताने हे पहिल्यांदा शिकवले होते तो हात त्याने ओळखला.

बाप तसाच बसून राहिला. मुकादम अंगणात येऊन सामानाकडे पाहत फिरला तरी त्याने हात काढला नाही. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले.

"न्हाई जमायचं, गुरुजी," तो म्हणाला. "मीच असा हाय. कुत्रं काय करंल?"

मी म्हणालो, की तो इथे नसेल तेव्हा कुत्र्याचा दोर मुलीच्या हाती असेल. परीक्षेत जे पाहिले तेच होईल. मी ते व्यवस्थित, मुद्देसूद सांगितले. माझे म्हणणे चुकीचे नव्हते असे मला आजही वाटते. तो ऐकत होता. पण आपल्या हाताखालच्या त्या तोंडाकडे पाहत होता, आणि त्याने जे पाहिले ते माझ्या मुद्द्यांत कुठेच नव्हते.

"कापडं घे," तो मुलीला म्हणाला. "काकासंगं जोडी लावू."

धाकटा भाऊ गाठोड्यावरून उठला. मुलीची आई ट्रॉलीकडे निघाली होती, ती थांबली, मागे आली आणि मुलीच्या कपड्यांसाठी पिशवी शोधू लागली. आजी म्हणाली, "आरं, पोरीची परीक्षा हाय." मुकादम बांधावर जाऊन फोनवर बोलत होता.

मुलगी रडली नाही. तिने कुत्र्याला उठवले, अंगावरची माती झाडली आणि दोर आजीकडे नेला. दोर कधीही टाकायचा नाही, हातातून हातात द्यायचा, असे मी तिला शिकवले होते. तिने तो आजीच्या मनगटाला एक वळसा घालून हातात दिला.

"सर," ती म्हणाली, "आजीला 'सोड' म्हनता येत न्हाई नीट. ती 'सोडून दे की रं' म्हनती. त्याला कळत न्हाई. तिला शिकवा."

मी शिकवतो म्हणालो. ट्रॅक्टर गेला तेव्हा कुत्रा ट्रॉलीमागे धावला नाही. त्याला कोणी तरी "थांब" म्हटलेले होते.

आता हंगाम अर्ध्यावर आला आहे. परीक्षेसाठी तिला पाठवतो असे बाप फोनवर म्हणतो. टोळीत तिच्यासाठी एक स्थळ आले आहे असेही त्याच फोनवर म्हणतो. मी दोन्ही ऐकतो. शाळेत जाऊन तिच्या शिक्षकांशी बोलून आलो. बापाशीही बोललो, आणि मुकादमाशीही. मुकादम अतिशय नम्रपणे बोलला.

दर रविवारी मी वस्तीवर जातो, आजीला आज्ञा शिकवतो. ती "सोड" म्हणते आणि पुढे "माझ्या राजा" जोडते. त्या दिवसापासून कुत्रा बहुतेक गप्प असतो. कोल्हा आला तरी उठत नाही, असे ती सांगते. म्हणून मी पांढरा सदरा घालतो, शेजाऱ्याची मोटारसायकल घेतो आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून, वळणावर गाडी उभी करून सुरुवात करतो. गेल्या रविवारी मी अंगणाच्या कडेपर्यंत पोचलो तेव्हा आजी फोनवर नातीशी बोलत होती.

कुत्रा उठला. पाय थरथरत होते. मग तो माझ्याकडे तोंड करून भुंकला.

आजीने कानावरचा फोन काढला आणि हात लांब करून तो कुत्र्यापुढे धरला. "ऐकतीस का गं?" ती लांबूनच ओरडून म्हणाली. "मास्तरावर भुंकतंय बघ."

फोनमधून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. आजीने तो तसाच धरून ठेवला. कुत्रा भुंकत होता तोपर्यंत मी गाडीपाशी, किल्ली हातात घेऊन, जागचा हललो नाही.